तारेला तार लागली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

जहाजावर जाताना तू बजावलं होतंस, "अण्णा, मी येईपर्यंत छकुलीच्या डोळ्यात तार घालू द्यायची नाही." आज घातली. तिची जन्मापासून बंद असलेली अश्रूंची नळी काही मालिश करून उघडली नाही, आणि परवापासून डोळा चिकटून बसला. सूनबाई म्हणाली, "आता थांबायचं नाही. डोकं तुम्ही धरा, मी पाय धरते."

मी धरलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बारीक तार आत सरकवली, मग दुसरी नाकातून. दोन्ही एकमेकींना लागल्या की नळी उघडली समजायचं, म्हणाल्या. छकुली किंचाळत होती. श्वास घ्यायला ती क्षणभर थांबली आणि मला ऐकू आलं, टिक्. मोटारीचं बेअरिंग गेलेलं मी रस्त्यापलीकडून आवाजावरून ओळखतो, पण नातीच्या नाकात धातूवर धातू वाजलेला आज पहिल्यांदा ऐकला.

"लागली," मी म्हणालो.

बाई चमकल्या. "आजोबा, माझ्या हाताला आत्ता कळतंय, तुम्हाला कसं कळलं?"

मी छकुलीचं डोकं सोडलं आणि खुर्चीत बसलो. डोळ्यातलं पाणी नाकात उतरून तिचं त्या बाजूचं नाक पहिल्यांदाच वाहिलं आणि सूनबाई तो शेंबूड बघून हसत सुटली.

फोनवर सूनबाई तुला 'डोळा बरा आहे' एवढंच सांगणार आहे. म्हणून हे पत्र तू घरी येईपर्यंत कपाटातच राहील. तू आलास की छकुली तुला ओळखणार नाही, भोकाड पसरेल. नाक वाहील. लगेच पुसू नकोस, आधी मला हाक मार.

अजून खुर्चीतून न उठलेला,
तुझा अण्णा