फ्रीजरच्या तळचा डबा

आई,

मी ऑफिसला निघाले. समोर बसून बोलायला तोंड नाही, म्हणून लिहितेय.

काल पाहुणे अचानक आले, तेव्हा फ्रीजरच्या तळाशी तुमचा सुपाचा डबा सापडला. तुमचा उजवा हात लुळा पडायच्या आधीचा. तेच गरम करून वाढलं. यांच्या मामी म्हणाल्या, "काय चव आहे गं तुझ्या हाताला!" आणि मी खुशाल म्हटलं, "छे, उरलंसुरलं घालून केलंय." तुम्ही ऐकलंत आणि मान खाली घालून जेवत राहिलात.

आत्ताच मामींना फोन करून खरं सांगितलं.

अर्धी पुडी मसूर आणि थोडे गोठवलेले मटार उरलेत. संध्याकाळी तेच सूप तुम्ही शिकवा, मी करते. मीठ मात्र तुम्हीच घाला. डाव्या हाताने सांडलं तरी चालेल.