काकांना सांगितलेली टीम

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच वाटतंय, बरं झालं तुम्ही हे बघायला नाही. मी क्रिकेटवर पैसे लावतो. मोबाइलवर, बनी पार्कातल्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.

तुम्ही इंजिनावर होतात तेव्हा सिग्नल दिसला की तुम्ही मोठ्यानं रंग सांगायचा आणि शेजारच्या असिस्टंटनं, म्हणजे आपल्या काकांनी, स्वतः बघून तो परत सांगायचा, अशी पद्धत. इतकी वर्षं गाडी चालवूनही एकट्या स्वतःच्या डोळ्यांवर तुमचा भरवसा नव्हता. खातीपुरा स्टेशनवर फिरायला न्यायचात तेव्हा माझ्याशीही तोच खेळ. तुम्ही म्हणता, "हिरवा." मी शेंगा खाण्यात गुंग, न बघताच म्हणतो, "हिरवा." सिग्नल लाल होता, तुम्ही मुद्दाम चुकीचं म्हणाला होतात. शेंगांची पुडी काढून घेतलीत. "न बघता हो म्हणणारा माणूस मला शेजारी नको," म्हणालात.

सुरुवातीला मीही सांभाळूनच होतो. पैसे लावण्याआधी बायकोला सांगायचो, हीच टीम का. तिनं "कशावरून?" विचारलं आणि उत्तर सुचलं नाही, तर फोन खाली ठेवायचो. मग एका सीझनला लागोपाठ जिंकलो आणि डोक्यात हवा गेली. तिला सांगणं बंद. चहावाला भैयासुद्धा गुरुजी म्हणायला लागला, आणि ते मला आवडायचं.

तेव्हाच काका आले. काकूंच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला थोडे पैसे कमी पडत होते. "फायनलला कोण, तेवढं सांग. तू बोलशील मतलब बघूनच बोलशील. पोरगा कोणाचा आहेस!" मी टीम सांगितली, अशा थाटात की कप मीच देणार होतो. काकांनी साठवलेलं सगळं लावलं आणि सगळं गेलं.

काल शास्त्री नगरला गेलो होतो. काकू जिना बसत बसत उतरतात, हातानं पाय उचलून खालच्या पायरीवर ठेवतात. मला बघून हसल्या आणि चहा टाकते म्हणाल्या. मला तिथे उभं राहवेना. मी पैसे पुढे केले तर काकांनी माझा हात मागे ढकलला. "तुझेही गेलेच की रे. बुडालेल्याकडून कसे घेऊ?" मी मान खाली घातली. आता ते माझ्याकडून कधीच काही घेणार नाहीत, आणि काकूंचं वय काही थांबणार नाही. यातून वाट दिसत नाही, बाबा.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहायचं धाडस तरी झालं. माझे पैसे गेले नाहीत. त्या फायनलवर मी एक रुपयाही लावला नव्हता. कोण जिंकेल ते मला अजिबात कळत नव्हतं, आणि काकांसमोर तसं म्हणवलं नाही.