बोटीवरल्याचं नाव आधी

सव, हळदीच्या आदल्या दिवशी

मामू,

सलाम. उद्या तुझ्या लेकीची, आपल्या शहनाजची हळद आहे आणि घरात माझ्याइतकी घाबरलेली बाई दुसरी नाही! नवरी मजेत आहे. मामी ओसरीवर तांदूळ निवडतेय. तुझ्या सलीमनं बहारीनहून टेपरेकॉर्डर आणलाय, त्यावर सकाळपासून सिनेमाची गाणी ठणाणा करतायत. आणि मी मागच्या पडवीत बसून तुला पत्र लिहितेय. तू आता जिथे आहेस तिथला पत्ता माझ्याकडे नाही. पण तू जिवंत असताना तरी तुझ्या बोटीचा पत्ता आम्हाला कधी धड ठाऊक असायचा? तरी पत्रं पोचायचीच की.

काल शहनाजनं मला न्हाणीपाशी गाठलं. "आपा, हळदीला बाबांचं नाव येणार ना?"

"येणार तर! न यायला काय झालं?" मी म्हणून मोकळी झाले. मग लक्षात आलं, नाव घ्यायचं तर गाणं म्हणायला हवं. आणि ते गाणं येणाऱ्या बाया एकेक करून तुझ्या वाटेनं गेल्या. उरलं कोण? मी! माझा आवाज तुला माहीत आहे. मी अंगाई म्हटली की झोपलेली पोरं उठून बसायची.

आपल्या गावची रीतच न्यारी, नाही का रे? अर्धे बाप्ये बोटीवर, उरलेले आखातात. लग्न काही त्यांच्यासाठी थांबायचं नाही. म्हणून हळदीची वाटी पुढे आली की आधी बाया हात वर धरून गायच्या, तू बोटीवर असलास की तुझ्या नावानं,

"थांबा गो बायांनो, हळद नका लावू,
बोटीवरल्या इब्राहीमला आधी येऊ देऊ."

आणि हळदीचं पहिलं बोट नवरीला नाही, दाराच्या चौकटीला. त्या लांबच्या माणसाच्या नावानं. मग नवरीच्या गालाला. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच करतात.

माझ्या हळदीला हे गाणं राहूनच जाणार होतं, आठवतं? माझे बाबा तेव्हा बोटीवर होते, महिनाभर त्यांचं पत्र नव्हतं. निदान गाण्यात तरी ते येतील एवढीच माझी आस होती. आणि नेमका कासमचाचा कुवेतहून आलेला! काळा चष्मा, अत्तराचा घमघमाट, घरातही पायात बूट. त्यानं ओसरीवर फर्मान काढलं, "ये गाना-बिना अब बंद! कुवेत में सब पूछते, तू कौन? मैं बोलता, मुसलमान. फिर वो बोलते, तो ये कौनसी भाषा बोलता तू? क्या जवाब देने का?"

बिचाऱ्याचं खरं दुखणं ते होतं. तिथे त्याला कोणी आपलं म्हणेना आणि इथे येऊन तो आम्हाला परकं करत होता. हे मला आत्ता कळतं हं. तेव्हा मी खांबाला धरून मोठ्यानं भोकाड पसरलं होतं.

आणि तेवढ्यात तू! महाडच्या स्टँडवरून कुणाच्या तरी ट्रकातून, डोक्यावर ट्रंक, दाढीचे खुंट वाढलेले. "काय गो जैबू, नवरा पसंत नाय काय?" हे तुझं पहिलं वाक्य. सगळं ऐकून घेतलंस, चहा मागितलास, बशीत ओतलास, आणि भांडण राहिलं बाजूला, तू चाचाला बाटूमीची गोष्ट सांगायला लागलास!

बाटूमी म्हणजे रशियाच्या ताब्यातल्या जॉर्जियाचं बंदर, काळ्या समुद्रावरचं. तुझी बोट दुरुस्तीसाठी तिथे अडकली होती. धक्क्यावर तू डबा उघडलास, बिस्मिल्ला म्हणालास, आणि शेजारी बसलेला क्रेनवाला इकडे तिकडे बघून हळूच तेच पुटपुटला. नाव जमाल. त्यानं तुला डोंगरातल्या आपल्या घरी नेलं. परवानगी काढून नेलं की लपवून, ते तू दर वेळी निराळं सांगायचास! होडीच्या आकाराची भाकरी, आत चीज, वर अंडं. "बोटीवरच्या माणसाला बोटच खायला घातली रे त्यांनी!"

जमालचा जावई शाळेत इंग्रजी शिकवायचा, तो मधे बसून अर्थ सांगत होता. जमालच्या लोकांना अजारियन म्हणतात. भाषा जॉर्जियन, गाणी जॉर्जियन, आडनावाचं शेपूट तिथल्या मातीतलं, जसं आपलं 'कर'. पण वाडवडील मुसलमान. शहरातले लोक त्यांना तुर्क म्हणून चिडवायचे. खरा तुर्क भेटला तर तो म्हणायचा, तुझी बोली मला कळत नाय. सरकार कागदावर नुसतं जॉर्जियन लिहायचं. आणि म्हातारी आई दार लावून नमाज पढायची.

"मग तू नक्की कोण?" तू त्याला विचारलंस.

"मी भुकेला," जमाल म्हणाला. "आधी जेवू, मग बघू."

ओसरीवर केवढा हशा पिकला होता! चाचा सोडून. तो म्हणाला, "कम्युनिस्टांच्या मुलखात मुसलमान? काय पण फेकतोस, इब्राहीम!" रागाच्या भरात त्याचं कुवेती हिंदी गळून पडलेलं त्याला कळलंही नाही.

तू मात्र हसला नाहीस. म्हणालास, जेवताना जमाल उभा राहिला, पेला उचलला, आणि जे आज या ताटावर नाहीत त्यांची नावं घेतली. लढाईवरून न परतलेला भाऊ. मेलेला बाप. मग त्यानं तुला विचारलं, तुझ्या घरी आज कोण कोण वाट बघतंय? त्यांचीही नावं घेतली. मामीचं नाव त्याला उच्चारता येईना, तीनदा अडखळला. (पेल्यात द्राक्षाचा रस होता म्हणे! रसच होता ना रे मामू? मामीला अजून संशय आहे.)

"मना तवा हळदीचं गाणं आठवलं," तू म्हणालास. "एवढ्या लांब, आपली रीत! कासम, तू कुवेतात होतास तवा इथं जेवढी लगनं झाली, त्या सगळ्यांत पयलं नाव कोणाचं घेतलं या बायांनी? विचार त्यांना."

चाचानं चष्मा काढला. "माझं?" त्यानं विचारलं. "कसं घेतलं?"

बायांनी वाट बघितली नाही. "थांबा गो बायांनो, हळद नका लावू, कुवेतच्या कासमला आधी येऊ देऊ!" चाचा खाली बघून ऐकत राहिला, आणि गाणं संपल्यावर एवढंच म्हणाला, "पुन्हा म्हणा गो एकदा." दुसऱ्या दिवशी माझ्या बाबांचं नाव घेताना सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता, बायकांच्या गाण्यात घुसलेला मेला! मी रडले आणि हसले, हळद डोळ्यांत गेली ती निराळी.

आता तुझ्याशी थोडं भांडते. बाटूमीहून माझ्यासाठी रुमाल आणतो म्हणालास, कुठेय तो? सगळ्या दुनियेला गोष्टी सांगितल्यास, पण त्या गाण्याचं दुसरं कडवं मला कधी का नाही शिकवलंस? तुला तर सगळं पाठ होतं. आणि इतकी वर्षं दर्यावर काढून घरच्या खाटेवर, दुपारचा चहा पिऊन पडलास तो पडलासच! लेकीच्या हळदीपर्यंत थांबला असतास तर काय बिघडलं असतं रे? मला तुझा फार राग येतो. राग कसला, आठवण येते.

आज सकाळी मी सुशीलाकडे गेले. माझ्याबरोबर महाडच्या शाळेत होती ती, बौद्धवाडीतली, आता त्याच शाळेत शिकवते. तिला म्हटलं, माझ्या हळदीला तू होतीस, काही आठवतं का गं? पठ्ठीनं दुसरं कडवं घडाघडा म्हणून दाखवलं! "आमच्या वाडीत हीच चाल हाय," म्हणाली. "नावं तेवढी आमची." उद्या ती माझ्या शेजारी बसणार आहे, मी सूर सोडला की चिमटा काढायला.

सलीम वाईट नाही रे. म्हणाला, "आपा, येतं कोणाला हे आता? टेप लावू, लोक खूश होतील." आणि बोललं कोण, तर कासमचाचा! आता काठी टेकत चालतो, बूट कधीच सुटले. सलीमला म्हणाला, "तुझ्या टेपला तुझ्या बापाचं नाव येतं काय रे? माझं नाव यांनी मी कुवेतात असताना घेतलंन. आज इब्राहीमचं नाय घेणार?" सलीमनं बटण दाबून टेप बंद केला. घर एकदम शांत झालं, मामीचे तांदूळ सुपात वाजत होते तेवढेच.

चाचानं मग मला हळूच विचारलं, "पण जैबू, तो आता बोटीवर नाय गो. कसं म्हणशील?"

मी दुपारभर त्याचाच विचार केला. शब्द बदलून बघितले. एकही बसेना, आणि मला बसवायचेही नव्हते.

तेव्हा ऐक, मामू, हा माझा शब्द. उद्या मी गाणार, बेसूर तर बेसूर. बोटीवरल्या इब्राहीमला आधी येऊ देऊ, असंच म्हणणार. चौकटीला पहिलं बोट शहनाज स्वतः लावेल. तोवर तिच्या गालाला कोणी हात लावायचा नाही. आम्ही थांबू.

तुझी,
जैबू