पहिले तीस सेकंद

४ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून रोजनिशी. माझ्या सांगीतिक प्रवासाची नोंद कुठेतरी राहायला हवी.

मी झाकणांच्या कारखान्यात क्वालिटी तपासनीस आहे, हे जगाला माहीत आहे. इंडी इलेक्ट्रोपॉपमधला जाणकारही आहे, हे जगाला अजून कळायचंय. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गाण्यांच्या अ‍ॅपवर माझ्या 'शिफारस' यादीत एक नवा कलाकार टाकतो. सोबत चार ओळींचं टिपण. आज अडतिसावी शिफारस गेली. फॉलोअर तीन: बायको (म्यूट करून), कारखान्यातला स्टोअरकीपर आणि धाकट्याचं खातं. धाकट्याचं खरं तर धरू नये. माझ्या या धाकट्या भावाला जाऊन दीड वर्ष झालं. एकत्र फॅमिली प्लॅन होता, म्हणून नाव अजून दिसतं.

संकल्प: रोज एक तास श्रवण. रविवारी धाकट्याची खोली आवरून तिथे माझी श्रवणखोली. बाबांवर न ओरडणे. (त्यांना ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलणे वेगळे.)

७ फेब्रुवारी
शोधाची पद्धत लिहून ठेवतो, पुढे कुणी मुलाखतीत विचारलंच तर.

धाकटा मला गाण्यांच्या लिंका पाठवायचा. जवळजवळ रोज. खाली लिहायचा, "दादा, ऐक ना." कामाच्या माणसाला एवढा वेळ कुठला? मी त्याची चॅट म्यूट करून ठेवली होती. एकूण साठ लिंका. आता मी त्या वरून खाली, क्रमाने, एकेक उघडतो. पुढचं आधी बघत नाही. शिस्त. म्हणजे लिंक त्याची, पण शोध माझा.

बायको म्हणाली, याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. तिला संशोधन कळत नाही.

दुसरी गोष्ट, ऐकण्याची. दहा हजार झाकणांच्या लॉटमधून आम्ही काही सगळी झाकणं तपासत नाही, मूठभर उचलतो. गाण्याचे पहिले तीस सेकंद म्हणजे तेच. शितावरून भाताची परीक्षा. तयार कानाला तीस पुष्कळ झाले.

९ फेब्रुवारी, रविवार
खोली आवरणार होतो. किल्ली सापडली नाही.

१० फेब्रुवारी
किल्ली दाराच्याच खिळ्यावर होती म्हणे. बायकोने दाखवली. मग काल का नाही दाखवली?

१५ फेब्रुवारी
कालच्या गायिकेचं नाव मला उच्चारता येत नाही, म्हणून मी तिला 'लिफ्टवाली' म्हणतो. लिफ्टमध्ये उभी राहून गुणगुणल्यासारखा आवाज. टिपणात लिहिलं, "प्रसन्न, निरागस. लहान मुलांसोबत ऐकावं असं." स्टोअरकीपरने मुलीच्या वाढदिवसाला लावलं. पाऊण मिनिटानंतर लिफ्टवाली किंचाळते म्हणे, आणि शेवटपर्यंत थांबत नाही. दोन मुलं रडली. एका मुलाला घरी पोचवावं लागलं. स्टोअरकीपरने विचारलं, तुम्ही पुढे ऐकलं होतंत ना?

म्हटलं, कलेत धक्का महत्त्वाचा असतो. तो म्हणाला, केक कापायच्या आधी नसतो.

१८ फेब्रुवारी, दुपारी ४.१०
चहाच्या सुट्टीत अ‍ॅप उघडलं. धाकट्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. "सध्या ऐकत आहे." माझीच आजची शिफारस.

४.१४ ला ठिपका गेला.

घाबरलो नाही. हवा कोंदट होती म्हणून बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. हात गार होते, ते चहाचा कप ठेवून दिल्यामुळे.

१९ फेब्रुवारी
काल संध्याकाळी एक लॉट न तपासता पास केला. कुणाला कळलेलं नाही. आज ४.१० ला ठिपका पुन्हा. शुक्रवारचं गाणं. तेही शेवटपर्यंत.

२० फेब्रुवारी
अ‍ॅपच्या ग्राहक सेवेला फोन केला. बाई फार नम्र. म्हणाल्या, खातं ज्यांचं आहे त्यांना पासवर्ड बदलायला सांगा. मी म्हटलं, ते सध्या उपलब्ध नाहीत. कधी उपलब्ध होतील, विचारलं. मी म्हटलं, कळवतो.

२३ फेब्रुवारी, रविवार
खोली आवरायची होती. पाठ धरली.

४ मार्च
निष्कर्ष: कुणीतरी हॅकर आहे. पण चोखंदळ हॅकर. जगात लाखो याद्या पडल्या आहेत, हा पठ्ठ्या नेमकी माझी ऐकतो. यात भिण्यासारखं काही नाही, उलट अभिमानाची गोष्ट आहे. आजचं टिपण थोडं त्याला उद्देशून लिहिलं. "जो कुणी ऐकत असशील, तुला हे आवडेल."

४.१० ला ठिपका. ४.१५ पर्यंत. मी मशीनमागे उभा राहून गाण्याची रेघ पुढे सरकताना बघत होतो. शेवटपर्यंत ऐकतो हा. एकदाही पुढे पळवत नाही.

धाकटा असाच ऐकायचा. जेवताना एक गाणं संपेपर्यंत घास हातात धरून बसायचा. मी म्हणायचो, अरे गिळ.

११ मार्च
धाकट्याच्या चॅटमध्ये "कोण?" असं टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं. पुसलं. तिसऱ्यांदा सुपरवायझर आला, म्हणून पुसलं. नाहीतर पाठवणारच होतो.

१६ मार्च, रविवार
खोलीच्या दारापर्यंत गेलो. आतून चार्जरची बारीक गुणगुण येत होती. बंद खोलीत चार्जर कसा चालू, असं बायकोला विचारणार होतो. पण मग खोली उघडावी लागली असती, आणि आज वर्तमानपत्र वाचायचं राहिलं होतं.

२१ मार्च
जेवताना बायकोला ठिपक्याचं सांगितलं. हसत हसत. ती हसली नाही. म्हणाली, एकदा चार वाजता घरी येऊन बघ ना. हिला माझी नोकरी म्हणजे खेळ वाटते. ही स्वतः सहाला येते. चार वाजता घरी असतं कोण? एकटे बाबा. त्यांना दाराची बेल ऐकू येत नाही. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून त्यांनी कधीचं ड्रॉवरमध्ये टाकलंय.

बाबा समोर बसून शांतपणे जेवत होते. मी मोठ्याने विचारलं, भाजी हवी का? ते म्हणाले, ओरडतोस कशाला?

११ एप्रिल
सत्तावन्न झाली. खाली तीन लिंका उरल्या.

दिवसभर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. तीन म्हणजे दीड आठवडा. मग चारदहाला तो काय ऐकणार? मग तो येईल का?

लगेच सावरलो. उपाय सोपा आहे: त्या तीन राखून ठेवायच्या आणि आता मी स्वतः शोधायचं. एवढा कान तयार झालाय तो कशासाठी?

१५ एप्रिल, मंगळवार
पहिला स्वतंत्र शोध!! कलाकाराने नावही लावलेलं नाही, इतका नम्र. सुरुवातीला शांतता. मग एक बाई नुसतं "लेफ्ट" म्हणते. पुन्हा शांतता. मग "राइट". बस्स. टिपणात लिहिलं, "दिशा हरवलेल्या माणसाची हाक. यंदाचं सर्वांत धाडसी गाणं."

४.१० ला ठिपका. ४.११ ला गेला. अर्धवट.

पहिल्यांदाच.

१६ एप्रिल
स्टोअरकीपरने मनापासून आभार मानले. त्याच्या नव्या स्पीकरची डावी-उजवी वायर उलटी जोडली गेली होती, माझ्या शिफारशीमुळे सापडली. असे टेस्टिंगचे ट्रॅक आणखी असतील तर पाठवा म्हणाला.

यादीतून काढून टाकलं. सुज्ञांस सांगणे न लगे. ४.१० ला ठिपका आला नाही. ४.३० पर्यंत बघितलं. पाच वाजेपर्यंत. घाबरायचं तर तो आल्यावर घाबरायला हवं होतं. मी तो न आल्यावर घाबरलो.

१७ एप्रिल, गुरुवार
कारखान्यात प्रेस बंद पडला, तीनला सोडलं. ४.१२ ला घरी. कुलूप उघडून आत आलो तर फरशीतून ठोके येत होते. धप्, धप्, धप्. धाकट्याच्या खोलीचं दार अर्धं उघडं. मी एक बूट पायात, एक हातात, असा उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. घाबरलो होतो. लिहून ठेवतो, घाबरलो होतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, मनात आलं, हाक मारली तर ओ देईल.

आत बाबा होते. धाकट्याच्या पलंगावर बसलेले, मांडीवर त्याचा गोल स्पीकर, त्यावर दोन्ही तळहात. डोळे मिटलेले. फोन शेजारी, चार्जरला लावलेला.

मी दिसल्यावर दचकले नाहीत. म्हणाले, लवकर आलास आज?

मी ओरडून विचारलं, तुम्हाला ऐकू येतं हे? म्हणाले, छे. पण तुझ्या कानाशी सतत कामाचा फोन असायचा, म्हणून तो माझ्याकडे यायचा. शिफ्टवरून आला की चारदहाला. मी म्हणायचो, अरे, बहिऱ्याला काय ऐकवतोस? तर म्हणायचा, बाबा, हात ठेवा. हळूहळू कळायला लागलं. कुठलं गाणं रडकं, कुठलं चालणारं.

मग म्हणाले, तू गाणं टाकलंस की फोन थरथरतो. मग मी दाबतो. तोच पाठवतो असं काही वाटत नाही मला, वेडा नाही झालो अजून. पण गाणी त्याचीच असतात. परवाचं नव्हतं. हाताला कळतं. नंतर जीवच नाही लागला. आज पुन्हा जुनी लावली.

मी हातातला बूट खाली ठेवला. बाबा म्हणाले, सुरुवातीला सगळी सारखीच लागतात रे. खरी मजा शेवटी असते. तू ऐकतोस ना सगळी, शेवटपर्यंत?

मी जोरात मान हलवली. हो.

१८ एप्रिल, शुक्रवार
शिफारस टाकली नाही. लॉट तपासताना मूठभराच्या जागी सगळा डबा तपासला. सुपरवायझरने विचारलं, बरं आहे ना?

२० एप्रिल, रविवार
आज पाठ ठीक होती, किल्ली खिळ्यावर होती, वर्तमानपत्र वाचून झालं होतं.

दुपारी चारला स्वयंपाकघरात बसून चॅट उघडली आणि पहिल्यांदा शिस्त मोडून तळापर्यंत गेलो. तीन लिंका. त्यांच्या खाली लिंक नसलेला एक मेसेज. तो जाण्याच्या चार दिवस आधीचा. "दादा, यातलं एक तरी ऐकलंस का? खरं सांग. रागावणार नाही."

बराच वेळ बघत बसलो. मग लिहिलं, "हो. सगळी." आणि या वेळी पुसलं नाही. पाठवलं.

भिंतीपलीकडे फोन थरथरल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने बाबा फोन घेऊन दारात. म्हणाले, हाताखाली थरथरला, पण गाणं नाही लागत. चष्मा सापडत नाहीये. काय आलंय, वाच.

मी हळू आवाजात वाचलं. ऐकू गेलं नाही. मोठ्याने वाच म्हणाले. मग धाकट्याचा प्रश्न ओरडून वाचला. मग माझं उत्तर ओरडून वाचलं. हो! सगळी! स्वतःच्याच कानाला इतकं खोटं लागलं की बायको आतल्या खोलीतून बाहेर आली.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. त्यांनी रागाने बघितलं असतं तर परवडलं असतं.

मग ओरडलो. नाही बाबा! तीस सेकंद! प्रत्येकाचे तीस! तो असताना तेवढेही नाही!

वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली.

बाबा म्हणाले, बरं. चल मग.

खोलीत धाकट्याची चप्पल पलंगाखाली तशीच आहे. मी पलंगाच्या कडेला बसलो. बाबांनी माझा हात ओढून स्पीकरवर ठेवला आणि वर त्यांचा ठेवला. ४.१० ला पहिली लिंक दाबली. तीस सेकंदांनी माझा अंगठा आपोआप पुढे पळवायला निघाला. बाबांनी तो दाबून धरला.

तिन्ही गाणी शेवटपर्यंत ऐकली. मला त्यातलं काहीही कळलं नाही. दुसऱ्याच्या शेवटी बाबा म्हणाले, हे बघ, आता, आणि मलाही हाताखाली काहीतरी लागलं, पण तोवर मला रडू आलं होतं, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. शिफारस करत नाही. खोली आवरली नाही.

तिन्ही मिळून अकरा मिनिटं लागली. एवढंच मागत होता तो.