काळा कागद आणि दोन कॅमेरे

अण्णा, दुपारी आता दुकानात कुणी येत नाही. सकाळी दोन पासपोर्ट फोटो झाले, एका मुलीनं मोबाईलमधून सहा प्रिंट काढून नेल्या, आणि तेव्हापासून मी काउंटरवर दोन कॅमेरे समोर ठेवून बसले आहे. दोन्ही तुमच्या शर्टाच्या खिशात मावले असते एवढे लहान. त्यातला एक संध्याकाळी परत पाठवायचा आहे. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. शहागंजातलं दुकान तेच आहे, शहराचं नाव बदललं म्हणून पाटीवर तेवढं नवं रंगवून घेतलं. डार्करूममध्ये आता झेरॉक्सचं मशीन आहे. मी दमलेय, अण्णा. तुम्ही असतात तर फार काही केलं नसतंत, "बस जरा, पाणी पी" एवढंच म्हणाला असतात. तेवढंही कुणी म्हणत नाही आता.

माझा उजवा खांदा धरलाय. मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून लग्नात चार-चार तास उभं राहणं डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. म्हणून लहान पण चांगला कॅमेरा बघत होते. जुने कॅमेरे विकणारा तुमचा तो दोस्त अजून दुकानात बसतो. त्यानं हे दोन्ही माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाला, "बेटा, आठ दिन रख लो. जो हाथ को जमे वो रखना, दूसरा वापस भेज देना." मग तुमची आठवण काढली आणि दोन्ही कॅमेरे फडक्यानं पुसून दिले.

दोन्हींचा सेन्सर मोठा आहे. सेन्सर म्हणजे तुमच्या भाषेत फिल्म. मोबाईलमध्ये असते त्याच्या कितीतरी पट मोठी फिल्म एवढ्याशा डबीत बसवली आहे, हीच यांची करामत. पहिल्याची फिल्म तुमच्या पस्तीस मिलिमीटरच्या रिळापेक्षा थोडीच लहान, पण लेन्स एकच, रुंद, जागची हलत नाही. माणूस मोठा दिसायला हवा तर आपणच पुढं सरकायचं. दुसऱ्याची फिल्म आणखी जरा लहान, पण त्याला झूम आहे. दारात उभं राहून ओट्याजवळच्या माणसाच्या पापण्या मोजता येतात. पहिला अंधाऱ्या खोलीतही रंग सांभाळतो. दुसऱ्याचा झूम पुढं नेला आणि उजेड कमी असला की गालावर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. पहिल्याची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते. चेहरा मात्र दुसऱ्यात नीट येतो, पहिला फार जवळ नेला तर नाक मोठं करून ठेवतो. एवढं सगळं मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तुमच्याच हाताखाली शिकले आहे. पण मला त्यातून गिऱ्हाइकाचा नाही, आईचा फोटो काढायचा होता, आणि तिथं सगळं अडलं.

आई आता ब्याऐंशीची आहे. हृदय थकलंय म्हणतात. गेल्या महिन्यात पुण्याहून धाकट्याचा फोन आला होता. म्हणाला, "ताई, आईचा एक चांगला फोटो काढून ठेव." कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग कपाटं उघडून बघितली तर फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो म्हणून घरात फक्त आधार कार्डावरचा निघाला. त्यात ती भांडायला उभी असल्यासारखी दिसते. सव्वीस वर्षांत मी जेव्हा जेव्हा कॅमेरा उचलला, तेव्हा तेव्हा ती उठून आत गेली. "मला कशाला गं माय फोटू? लई झाले तुमचे फोटू." लोकांना मी सांगत आले की आई लाजते. ती का उठून जाते हे मला माहीत होतं, अण्णा. निदान संशय तरी होता.

तो दिवस आठवतो का तुम्हाला? मी तेव्हा नुकतीच दुकानात बसायला लागले होते. पाचोडची एक बाई लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन आली होती. नवरा गेलेला, तेराव्याला हार घालायला फोटो हवा, आणि त्याचा जन्मभरातला तेवढा एकच, दहा माणसांत दुसऱ्या रांगेत उभा. असे फोटो घेऊन किती लोक यायचे आपल्याकडे. तुम्ही काळ्या कागदाला चेहऱ्याएवढी खिडकी पाडायचात, तो कागद फोटोवर ठेवायचात, वरून कॅमेऱ्यानं त्याची कॉपी घ्यायचात, आणि मग ब्रशनं खांदे, कोट, हवी असेल तर टोपी. मी म्हटलं, कशाला एवढी खटपट. ब्लेड घेतलं आणि शेजारच्याचा कान तेवढा कापायला गेले. तुम्ही माझं मनगट धरलंत. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, त्या दिवशीही नाही. म्हणालात, "एक माणूस मेलाय त्याच्यातला. बाकीचे नऊ जिते हायत. त्यांच्या अंगाला ब्लेड लावायचं नाय." मग ब्लेडची जेवढी चीर पडली होती तेवढी दाखवायला तुम्ही मला घेऊन बसनं पाचोडला गेलात. बाईनं चीर बघितली आणि आपल्याला भाकरी खाऊ घातली. येताना मी रस्ताभर तुमच्यावर चिडले होते. वीतभर कागदासाठी एवढं कशाला, असं वाटत होतं.

तुम्ही गेलात तेव्हा तुमचाही फोटो नव्हता. हजारो माणसं तुम्ही उजेडात बसवलीत, स्वतः कधी बसला नाहीत. होता तो एकच, लग्नानंतरचा, दुसऱ्या कुणाच्या स्टुडिओत काढलेला. तुम्ही खुर्चीत, आई मागं, जरा बाजूला उभी, तिचा हात तुमच्या डाव्या खांद्यावर. निगेटिव्ह कधीच गेलेलं. बाराव्या दिवशी मी इथं, या दुकानात, काळा कागद लावून कॉपी घ्यायला बसले. फोटो जुना, कडेनं वळलेला. कागद नीट टेकेना, सावली पडायला लागली. फ्रेमवाला दारात उभा, घरी पाहुण्यांची गर्दी. मी ब्लेड घेतलं. तुमच्या खांद्यावरून, आईच्या बोटांवरून सरळ खाली आणलं. खांद्यावर राहिलेली बोटं कॉपीत ब्रशनं झाकली, कोटाच्या रंगात. घरी भिंतीवर तुमचा फोटो अजून आहे, नीट बघितलं तर डावा खांदा उजव्यापेक्षा काळा आहे. तुम्हाला पहिल्या नजरेत कळलं असतं.

आईनं तेराव्यानंतर विचारलं होतं, "तो आमचा दोघांचा फोटू कुठंय?" मी म्हटलं, पाण्यात खराब झाला. ती "बरं" म्हणाली. तिचा अर्धा भाग मी पाकिटात घालून दुकानातल्या जुन्या फिल्मच्या डब्यात ठेवून दिला. फेकवला नाही आणि द्यायचं धाडसही झालं नाही.

तर या आठवड्यात मी आधी झूमवाला कॅमेरा घरी नेला. विचार असा की तिला कळूच द्यायचं नाही. ती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती, मी बाहेरच्या खोलीतून, पडद्याच्या आडून, पंचवीस-तीस फोटो घेतले. चेहरा अगदी बरोबर आला. तीन दिवस मी असे फोटो घेत राहिले आणि रोज दुकानात आल्यावर मोठे करून बघत राहिले. एकाही फोटोत ती माझ्याकडं बघत नाही. साहजिकच आहे, तिला मी तिथं असल्याचं माहीतच नव्हतं. असा फोटो भिंतीवर लावला तर येणाराजाणारा म्हणेल, किती छान, अगदी नैसर्गिक. मला मात्र तो बघितला की आपण खिडकीतून चोरून बघतोय असं वाटायचं. स्वतःच्याच आईकडं.

काल बिनझूमचा नेला. याच्यात आडोशाला उभं राहून काही उपयोग नाही, माणूस मुंगीएवढा येतो. म्हणून आत गेले आणि तिच्यासमोर फरशीवर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी कॅमेरा मांडीवर ठेवला. म्हटलं, "आई, एक फोटो काढू दे." वाटलं, उठेल. ती उठली नाही. कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "एवढासाच हाय व्हय?" मग ताट उचललं आणि बसल्या जागेवरून सरकत भिंतीच्या कडेला गेली.

मी म्हटलं, "तिकडं कशाला? मधेच बस की."

"कडंलाच बरी हाय," ती म्हणाली. "मागाहून कापायला सोपं जाईल तुला."

रागानं म्हणाली नाही. शेंगा सोलता सोलता, मीठ जास्त झालंय म्हणावं तसं. मग तिनंच सांगितलं. तुम्ही गेल्यावरच्या पहिल्याच दिवाळीला ती दुकान झाडायला आली होती, तेव्हा तो डबा तिनं उघडला होता. "तुझ्या अण्णानं जन्मात कुणाचा फोटू कापला नाय," ती म्हणाली. "मी म्हणलं, पोरीनं कापला आसंल तर काय तरी अडचण आसंल. पर मग मी बी म्हणलं, आता पुन्ना नाय बसायचं." पुढची शेंग उचलत म्हणाली, "काढ आता. डाळ शिजायला टाकायचीय."

मी काढला. एकच. नाक जरा मोठं आलंय. भिंतीचा रंग उडालेला दिसतो, सिलिंडर दिसतो, तिच्या मांडीवर शेंगांची टरफलं दिसतात. ती माझ्याकडं बघते आहे, सरळ, आणि तिच्या डाव्या बाजूला अर्धी फ्रेम रिकामी आहे. तुम्ही म्हणाला असतात, ही काय मांडणी झाली. धाकट्यानं रात्री निरोप पाठवला, "मस्त, पण फक्त चेहरा कापून पाठव ना." कॉम्प्युटरवर दोन बोटांचं काम आहे. मी त्याला सगळा फोटो तसाच पुन्हा पाठवला.

झूमवाला परत जाईल संध्याकाळी. वाईट नाही तो, खरं तर गिऱ्हाइकाच्या कामाला तोच जास्त उपयोगी पडला असता.

सकाळी फिल्मच्या डब्यातून ते पाकीट काढलं, तिला द्यायचं म्हणून. तिचा हात बोटांपाशी संपतो, अण्णा. बोटं तुमच्याकडं आहेत, माझ्या ब्रशखाली. तेव्हापासून ते पाकीट माझ्या पर्समध्ये आहे. चूक झाली, एवढे दोन शब्द तिला म्हणायचे होते. काल गुडघ्याला गुडघा लावून बसले होते तेव्हा म्हणता आले नाहीत, आज सकाळी तिनं जेवणाचा डबा भरून दिला तेव्हाही नाहीत. म्हणून हे तुम्हाला लिहीत बसले, जिथून उत्तर येणार नाही तिथं. घर इथून दहा मिनिटांवर आहे, आणि ती या वेळी जागीच असते.