सगळ्यांना ऐकू येत होतं

३ मार्च

बाबांना मारत होता तो! माझ्या बाबांना!

अक्षर धड येत नाही. चष्म्याच्या दुकानात वीज गेली, काचा घासायचं मशीन बंद, म्हणून मालक म्हणाले घरी जा. जिन्यातच आवाज आला. वाटलं, कुणीतरी उशी झटकतंय. दार उघडलं तर मामा – बाबांना सांभाळायला ठेवलेला माणूस, सगळे त्याला मामाच म्हणतात – एका हातात वाटी आणि दुसरा हात बाबांच्या गालावर. "गिळ म्हटलं ना!"

मला बघून आवाज एकदम मऊ. "ताई, जेवतच नव्हते हो."

मी ओरडले. काय ओरडले, आठवत नाही. पिशवी उचलून गेला. चपला घालायचीसुद्धा घाई केली नाही मेल्याने.

अर्धांगवायूने बाबांची वाचा गेली, उजवी बाजू गेली. जन्मभर बस चालवलेला माणूस. सांगणार कुणाला? आणि कसं?

४ मार्च

अंग पुसताना पाहिलं – दंडाच्या आतल्या बाजूला, मांडीवर, निळे डाग. काही पिवळे पडलेले. म्हणजे जुने. रोज मीच कपडे बदलत असते तर दिसले असते.

केस विंचरायला कंगवा उचलला, तर बाबांनी डावा हात तोंडावर घेतला. मी आहे हो बाबा! मी!

विंचरले नाहीत आज.

५ मार्च

दादाचा फोन, त्याच्या गावाहून. सख्खा भाऊ. "काढून टाकलंस ना त्याला? मग विषय संपला. पोलीस घरात आले की बाबांना सगळ्यांना दाखवत बसावं लागेल. आणि लोक तुलाच विचारतील, तू कुठे होतीस?"

तू कुठे होतास, असं अगदी ओठांवर आलं. फोन ठेवला.

६ मार्च

मामाला ज्यांनी पाठवलं त्या बँकेतल्या ओळखीच्या बाईंना फोन केला. त्यांच्या सासूबाईंना आधी हाच सांभाळायचा. बाई म्हणाल्या – "आमच्याकडेही झालं होतं तसं."

"मग माझ्याकडे का पाठवलंत त्याला?"

"भांडण नको वाटलं हो. आपणहून जातोय तर जाऊ दे, असं झालं होतं. सासूबाईंचं वय, त्यात तक्रारी, चौकशा..."

संध्याकाळी खालच्या काकू वर आल्या. "दुपारचे आवाज यायचे गं मला. म्हटलं, घरातली गोष्ट, आपण कशाला नाक खुपसा." काकू ढसाढसा रडल्या. मीच त्यांना पाणी दिलं.

इतक्या जणांना माहीत होतं! बाबा एकटेच नव्हते या घरात. आणि तरी एकटेच होते.

९ मार्च

पोलीस ठाण्यात गेले. दारातच हवालदाराने विचारलं, "काय काम?"

म्हटलं, "काही नाही, चुकून आले." चुकून!

१४ मार्च

बाबा माझ्याकडे बघत नाहीत. अंथरूण ओलं झालं तरी खूण करत नाहीत, तसेच पडून राहतात. एकदा एक म्हातारी उतरायची विसरली म्हणून यांनी भर रस्त्यात बस मागे घेतली होती. अख्ख्या बसने टाळ्या वाजवल्या! किती रंगवून सांगायचे.

दादा पुन्हा म्हणाला, "विसर आता." मी बरं म्हटलं. दमले आहे.

२६ मार्च

खालच्या काकू दिवसा बाबांजवळ बसतात, म्हणून दुकानात जाते. आज एक बाई आली. आईसाठी फ्रेम हवी. आरशासमोर एकेक फ्रेम स्वतःच्याच डोळ्यांवर लावून बघत होती – "माझा चेहरा आईवरच गेलाय, म्हणून." काचेबाहेर चाकाच्या खुर्चीत तिची आई. आणि खुर्ची धरून मामा!

म्हातारीची शाल नीट करत होता. त्याने मला पाहिलं. हसला. घरच्या माणसाकडे बघून हसावं तसा.

मी मान खाली घातली. "ही घ्या, हलकी आहे," म्हणाले. "कानामागे टोचणार नाही."

टोचणार नाही! एवढंच सुचलं मला.

२७ मार्च

आज ठाण्यात आत गेले. सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "याआधी कुणाची तक्रार?" कुणाचीच नाही. "मग तुम्ही इतके दिवस कशाला थांबलात?" त्या फ्रेम घेतलेल्या बाईचा पत्ता दुकानाच्या पावतीवरून दिला. म्हणाले, उद्या माणूस पाठवतो.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं. किती दिवसांनी! सोडेचनात.

२९ मार्च

फ्रेम घेतलेली ती बाई दुकानात आली. एकटी. आई परवा पहाटेच गेली. पलंगावरून पडली, असं मामा सांगतोय.

म्हणाली, "त्या दिवशी आरशात तुमचा चेहरा बघितला होता मी. तुम्ही ओळखलं होतंत ना त्याला?"

हो म्हटलं.