बकरी दारात बांधू नका

बिरूच्या बाबांना,

मोडनिंबहून सांगावा आलाय, आपल्या लेकीला, केराला, कळा सुरू झाल्यात. मी दुपारच्या गाडीनं निघते. भाकरी शिंकाळ्यात हाय, पिठलं चुलीवर.

बिरूकडं लक्ष ठेवा. शहरात गोऱ्यांचं लष्कर हाय, अंधारात दिसंल त्याच्यावर गोळी चालते, आणि आपलं लेकरू त्याच अंधारात भिंतींवर झेंड्याचे कागद चिकटवत फिरतंय. परवा मी त्याची लाडकी बकरी दारात बांधली. तो नजरेआड झाला की ती बोंबलते, मला वाटलं सगळी गल्ली जागी करील. तर पठ्ठ्या तिलाच संगं घेऊन गेला. सकाळी विचारलं तर म्हणतो, "मी तर झोपलो होतो की, आई." आणि बकरीच्या दाढीला खळ वाळलेली. निम्मे कागद तिनंच खाल्ले असतील, सरकारला तेवढाच हातभार.

तुमी मारू नका. मारलं तर मुद्दाम जाईल, तुमच्यावरच गेलाय. दाराला पाठ लावून पडा, पाय लई दुखतात म्हणा आणि त्याला चेपायला बसवा. चेपता चेपता त्याचाच डोळा लागंल. तुमचा आधी लागला, तर त्याचं मनगट तेवढं सोडू नका.

बिरूची आई